किती ओळी लिहायच्या?

"बाई, किती ओळी लिहायच्या?"

फळ्यावर प्रश्न लिहून मी हात झटकते न झटकते तोच मागच्या बाकावरून हा आवाज येतो. कल्याणात दहावीच्या वर्गाला मराठी शिकवताना इतकी वर्षे गेली, पण हा प्रश्न आला नाही असे एकही वर्ष आठवत नाही. प्रश्नात नेमके काय विचारले आहे, 'का' विचारले आहे की 'कसे', उत्तर उताऱ्यात सापडेल की स्वतः विचार करून काढावे लागेल, याची चौकशी कुणी करत नाही. ओळींची करतात. पूर्वी मला राग यायचा. मग एकदा मुलांच्या मागच्या इयत्तांच्या वह्या मागवून पाहिल्या आणि राग कुणावर काढायचा तेच कळेना. एका गुणाला दोन ओळी, दोन गुणांना चार, तीन गुणांना सात-आठ हे माप आम्हा शिक्षकांच्याच लाल शाईत जागोजागी उमटलेले होते. 'उत्तर अपूर्ण', 'अजून लिही', 'मुद्दे वाढव'. 'इथे उत्तर पूर्ण झाले, आता थांब' असा शेरा मला एकाही वहीत सापडला नाही. मी तपासलेल्या वह्यांतही नव्हता.

आपल्याकडे निबंधाला मान आहे. वक्तृत्वाला, हस्ताक्षराला बक्षिसे आहेत. उतारा वाचून त्यावरच्या प्रश्नाला चार वाक्यांत सरळ उत्तर देणे हे मात्र कौशल्य म्हणून कुणाच्या मोजणीत नाही. वाचता आले की तेही येतेच, असे आपण धरून चालतो. माझा अनुभव उलटा आहे. घडाघडा वाचणारी मुले या चार वाक्यांपाशी अडखळतात, कारण ती चार वाक्ये कशी उभी राहतात हे त्यांना कुणी कधी दाखवलेलेच नसते. आपण वर्षभर उत्तरे देतो. उत्तर देण्याची रीत देत नाही.

दहावीची आताची प्रश्नपत्रिका, म्हणजे कृतिपत्रिका, पाहा. मराठी प्रथम भाषेची लेखी परीक्षा ८० गुणांची. त्यात गद्य विभागाला १८ गुण: पाठ्यपुस्तकातले दोन उतारे प्रत्येकी ७ गुणांचे आणि एक अपठित उतारा ४ गुणांचा. सातांपैकी चार गुण आकलन कृतींना, म्हणजे आकृतिबंध, चौकटी, कारणे, जोड्या यांना. उरलेले तीन स्वमताला, म्हणजे स्वतःचे मत स्वतःच्या शब्दांत मांडण्याला. जून २०१८मध्ये दहावीची नवी पुस्तके आली आणि मार्च २०१९मध्ये या धर्तीवर पहिली परीक्षा झाली. या बदलाच्या बाजूने मी तेव्हाही होते, आजही आहे. 'पुढील प्रश्नाचे सविस्तर उत्तर लिहा' या जुन्या आज्ञेपेक्षा 'तुमच्या शब्दांत लिहा' ही सूचना कितीतरी चांगली आहे. ती मुलाला विचारते की वाचून तुला काय वाटले.

पण आपण या सूचनेचे काय केले? स्वमताची तयार उत्तरे छापली, विकली, वर्गात सांगून लिहून घेतली. 'तुमच्या शब्दांत' या मथळ्याखाली अख्ख्या वर्गाचे शब्द एकच असतात. नीरजांची 'आश्वासक चित्र' ही कविता घ्या. भातुकली खेळणारी मुलगी चेंडू मागते, आणि चेंडू खेळणारा मुलगा तिच्या जागी बसून स्वयंपाक मांडू पाहतो. कवितेतला सगळा जीव या अदलाबदलीत आहे. त्यावरच्या स्वमतात 'स्त्री-पुरुष समानता ही काळाची गरज आहे' हे वाक्य मी इतक्या वेळा तपासले आहे की आता ते माझ्या डोळ्यांना दिसतच नाही. हे वाक्य लिहायला कविता वाचावी लागत नाही. एकदा मी पेन बाजूला ठेवायला सांगून विचारले, "काल रात्री तुमच्या घरात जेवणानंतर ताटे कुणी उचलली?" वर्ग आधी हसला, मग गप्प झाला. एका मुलीने हात वर न करताच सांगितले, "मी. दादाचंही." ती त्या दिवशी कवितेत पहिल्यांदा शिरली. तिच्या वहीत मात्र आधीच 'काळाची गरज' लिहून झाली होती आणि तिला तीनपैकी तीन गुणही मिळाले होते. ते मीच दिले होते.

मार्च २०१९च्या परीक्षेचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. एका वर्षात बारा टक्क्यांहून मोठी घसरण झाली आणि राज्यभर ओरड उठली. त्या वर्षी भाषा विषयांचे अंतर्गत मूल्यमापनाचे (तोंडी परीक्षा वगैरे) २० गुण काढून टाकलेले होते. सगळी चर्चा त्या २० गुणांभोवती फिरली आणि २०१९-२०पासून ते परत आले. तोंडी परीक्षेच्या मी विरोधात नाही, मुलाला बोलते करणारी परीक्षा हवीच. पण त्या गदारोळात एक प्रश्न विचारायचा राहून गेला. शंभर गुण लिहून मिळवायची वेळ आली तेव्हा मुले कुठे अडली? उतारा कळला नाही, प्रश्न कळला नाही, की दोन्ही कळूनही कागदावर उतरवता आले नाही? तीन वेगळी दुखणी आहेत ही. औषध एकच दिले गेले, आणि ते बेरजेच्या रकान्यात.

मी वर्गात काय करते ते सांगते, कारण हा सगळा विचार तिथूनच आला आहे. ज्याचे उत्तर कुठेही छापलेले नाही असा उतारा हवा, म्हणून मी लहान उतारे स्वतः लिहिते. त्यातला एक असा: घड्याळे दुरुस्त करणारे एक काका आहेत. दिवसाला दोन-तीन गिऱ्हाइके. तरी रोज सकाळी दहाला शटर उघडतात, भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांना किल्ली देतात, काच पुसतात आणि संध्याकाळी सातला दुकान बंद करतात. मुलगा म्हणतो, "बाबा, गाळा भाड्याने देऊन टाका." काका भिंग डोळ्याला लावतात आणि म्हणतात, "पाहू." उतारा संपला. प्रश्न: काकांना गाळा भाड्याने द्यायचा आहे असे तुम्हाला वाटते का?

पहिल्या खेपेला दोन तऱ्हेची उत्तरे आली. एक तऱ्हा: 'होय, कारण काका म्हणाले पाहू.' दुसरी: 'प्रस्तुत उताऱ्यात लेखकाने कष्टाचे महत्त्व अतिशय सुंदर शब्दांत मांडले आहे. आजच्या धकाधकीच्या जीवनात...' आणि पुढे सात ओळी. पहिल्यात उतारा आहे, विचार नाही. दुसऱ्यात दोन्ही नाहीत, पण ओळी भरल्या आहेत. सगळ्या वर्गात एकाच मुलीने वेगळे लिहिले होते: 'नाही. गाळा द्यायचा असता तर दोन गिऱ्हाइकांसाठी त्यांनी रोज सगळ्या घड्याळांना किल्ली दिली नसती. पाहू हे त्यांनी मुलाला गप्प करायला म्हटले आहे.' मी ते मोठ्याने वाचून दाखवले. तीन वाक्ये. पहिल्यात उत्तर, दुसऱ्यात उताऱ्यातला आधार, तिसऱ्यात त्या आधाराविरुद्ध जाणाऱ्या शब्दाचा उलगडा. तिने तो शब्द लपवला नाही, त्याला सामोरी गेली. मोठमोठ्या लेखांत जे सापडत नाही ते त्या तीन वाक्यांत होते.

मग कोळसेवाडीकडून येणारा एक मुलगा उठला. घरी हिंदी बोलतात, वडील रिक्षा चालवतात. 'होय' लिहिणाऱ्यांत तो होता. म्हणाला, "बाई, माझे पप्पा 'देखेंगे' म्हणतात ना, तेव्हा ते कधीच होत नाही." वर्ग खळाळून हसला. मी विचारले, "मग हे लिहिलं का नाहीस?" त्याने अगदी प्रामाणिकपणे सांगितले, "घरचं लिहायचं नसतं ना पेपरात."

त्या एका वाक्याने मला जेवढे शिकवले तेवढे कुठल्याही प्रशिक्षणाने शिकवलेले नाही. मुलाला उतारा कळला होता. त्यातली मेख इतरांपेक्षा चांगली कळली होती. पण उत्तर ही एक वेगळी वस्तू असते, ती शाळेच्या भाषेत कुठेतरी आधीच तयार असते आणि आपण फक्त ती आणून ठेवायची असते, असे त्याने गृहीत धरले होते. ज्या प्रश्नाचे नावच स्वमत आहे, तिथे स्वतःचे मत आणायला परवानगी नाही अशी त्याची समजूत होती. ही समजूत त्याला दहा वर्षांत कुणी तोंडाने सांगितलेली नाही. प्रत्येक वेळी पाठ केलेल्या उत्तराला पूर्ण गुण आणि स्वतःच्या वाक्याला 'भाषा सुधार' मिळाले की ती आपोआप तयार होते.

आता हरकतीकडे येते. ती माझ्याच सहकाऱ्यांची आहे आणि मी ती हलकी मानत नाही. ते म्हणतात, तुमच्या वर्गातली ती एक मुलगी वेगळी. बाकीच्या पोरांचे काय? आई चार घरची कामे करते, घर एका खोलीचे, घरात मराठीचे एक पुस्तक नाही. बोली कुणाची आगरी, कुणाची अहिराणी, कुणाची भोजपुरी. अशा मुलाला ३५ गुण हवे आहेत. पाठ केलेले उत्तर त्याला तिथवर नेते. तुमची स्वतंत्र विचाराची हौस त्याला पाडेल.

या म्हणण्यातला अर्धा भाग मी आता पूर्णपणे मानते. सुरुवातीची काही वर्षे मी सगळ्याच साच्यांविरुद्ध होते. 'मनातले लिहा' एवढेच सांगायची. त्याचा फायदा कुणाला झाला? ज्यांच्या घरी वर्तमानपत्र येते, जेवताना वाद घातला जातो, ज्यांना 'कशावरून म्हणतोस?' असे विचारणारे कुणी आहे, त्या मुलांना. उत्तर म्हणजे काय हे ती घरातून शिकून आली होती. बाकीची नुसती गोंधळली. परीक्षकाला काय हवे आहे हे न सांगता मुलाला मोकळे सोडणे हा अन्यायच आहे, आणि तो नेमका गरिबाच्या मुलावर होतो. म्हणून रीत सांगितलीच पाहिजे, फळ्यावर लिहून, स्पष्ट शब्दांत. पहिल्या वाक्यात प्रश्नाचे उत्तर. मग उताऱ्यातल्या ज्या ओळीवरून ते सुचले, तिच्यावर बोट. मग त्या ओळीवरून तू इथवर कसा पोहोचलास ते. मग थांब.

यातली तिसरी पायरी सगळ्यांत अवघड आहे आणि तीच कुणी शिकवत नाही. मुले उत्तर लिहितात, ओळही उतरवतात, पण दोहोंना जोडणारे वाक्य गाळतात, कारण त्यांना ते उघड वाटते. 'काका रोज किल्ली देतात, म्हणून त्यांना गाळा द्यायचा नाही.' या 'म्हणून'मध्ये एक उडी आहे. जो माणूस दुकान सोडणार आहे तो त्याची निगा राखत नाही, हे मधले वाक्य लिहिले की उत्तर दुसऱ्यालाही पटते. मी या एका वाक्यासाठी आठवडेच्या आठवडे घालवते. आधी तोंडी. एकाने उत्तर द्यायचे, शेजारच्याने फक्त "कशावरून?" आणि "बरं, मग?" एवढे दोनच प्रश्न विचारायचे. लिहिणे नंतर. बोलताना ज्याला मधला दुवा सापडला त्याला तो लिहिताना सापडतो, आणि बोलण्यासाठी बोली चालते. 'पाहू' आणि 'देखेंगे' यांतले नाते तोंडी तासालाच वर येते.

हरकतीचा दुसरा अर्धा भाग मात्र मी मानत नाही. रीत सांगणे वेगळे आणि मजकूर सांगणे वेगळे. भाकरी कशी थापायची हे दाखवले तर मुलगी उद्या नाचणीचीही थापेल. थापलेली भाकरी हातात दिली तर ती आज खाऊन संपेल. पाठ केलेले उत्तर पठित उताऱ्यापुरते चालते. अपठितावर ते काहीच करू शकत नाही, आणि पुढे आयुष्यात भेटणारा प्रत्येक उतारा अपठितच असतो. शिवाय ज्याला वाचायलाच अडचण आहे त्याला स्वमत पाठ करून घेणे म्हणजे त्याची अडचण झाकणे. 'असर' या शैक्षणिक पाहणीत २०२४मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून कमी, ४८.८ टक्के, दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. आमची मुले शहरातली आहेत, पण नीट वाचता न येणारी मुले माझ्या दहावीच्या वर्गापर्यंतही पोहोचतात, आणि सुवाच्य अक्षरात पाठांतर लिहून ती कुणाच्या लक्षात न येता निघून जातात.

बाहेर पाहायचे तर 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीतला एक प्रश्न मी दर वर्षी वर्गाला देते. भिंतींवर रंगवलेल्या चित्रांबद्दल दोन पत्रे आहेत. एकात त्या चित्रांबद्दल संताप आहे, दुसरे त्यांची बाजू घेते. शेवटचा प्रश्न असा, की तुम्ही कुणाशी सहमत आहात ते बाजूला ठेवा, दोहोंपैकी कोणते पत्र चांगले लिहिले आहे ते सांगा आणि त्याच्या लिहिण्याच्या पद्धतीवरून कारण द्या. कोणतीही बाजू घेतली तरी पूर्ण गुण मिळतात, पत्रातला आधार मात्र दाखवावा लागतो. आपल्या मुलांना हा प्रश्न विलक्षण अवघड जातो. न पटणारे म्हणणेही चांगले मांडलेले असू शकते, ही शक्यताच त्यांच्यासमोर कधी ठेवलेली नसते. २००९च्या फेरीत भारताकडून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले आणि यादीच्या तळाशी राहिले, त्यानंतर आपण त्या चाचणीपासून दूरच आहोत. क्रमांकाचे मला फारसे काही नाही. प्रश्न कसा विचारावा हे मात्र त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे. 'तुम्हाला काय वाटते' यापाशी न थांबता 'कशावरून' हे ती चाचणी प्रश्नातच मागते.

आणि बाहेर तरी कशाला जायचे? आनंदीबाई जोशी याच कल्याणच्या. त्यांचे माहेर इथले, बालपण इथले. इथल्या टपाल कचेरीत असलेल्या गोपाळरावांशी त्यांचे लग्न झाले तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्या जन्मल्या १८६५मध्ये. १८८३मध्ये वैद्यकी शिकायला अमेरिकेला निघण्याआधी त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण केले. वय अठराच्या आतले. लोक त्यांना जे प्रश्न विचारून हैराण करत होते तेच त्यांनी एकेक करून समोर ठेवले. अमेरिकेला का जाता? इथे शिकायची सोय नाही का? एकट्या का जाता? परत आल्यावर वाळीत टाकणार नाहीत का? संकट आले तर काय कराल? आजवर कुठल्याही बाईने केले नाही ते तुम्हीच का करता? आणि प्रत्येकाला त्यांनी वेगळे उत्तर दिले. वाळीत टाकण्याच्या प्रश्नावर त्यांचे म्हणणे थोडक्यात होते: मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन.

आनंदीबाईंची गोष्ट आपण शाळेत सांगतो ती त्याग आणि जिद्द यांची. त्या भाषणाची रचना कुणी शिकवत नाही. समोरच्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत घ्यायचा, तो टाळायचा नाही, त्याच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आणि पुढच्याकडे जायचे. ज्या मुलीला घरात शिकायला बसवणे हेच नवल होते, ती भर सभेत हे करत होती. माझ्या वर्गातल्या मुली आनंदीबाईंवर दोन पाने निबंध लिहितात. 'तुला पुढे कशाला शिकायचंय?' या घरच्या प्रश्नाला चार वाक्यांत उत्तर द्यायची वेळ आली की त्याच मुली रडतात.

मोठेपणी तरी आपल्याला काय लिहावे लागते? पाणी आले नाही म्हणून प्रभाग कार्यालयाला अर्ज, विम्याच्या फॉर्मवर कारण, पोलीस चौकीत जबाब. माहिती अधिकाराचा कायदा २००५चा. महाराष्ट्रात त्याखालच्या अर्जाला २०१२च्या नियमांनी १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा घातली. ती मर्यादा योग्य की नाही हा वेगळा वाद. पण सरकारला प्रश्न विचारायचा तर १५० शब्दांत विचारता आला पाहिजे, ही आज वस्तुस्थिती आहे. ज्याला शाळेत फक्त ओळी वाढवायला शिकवले, त्याला अशा अर्जासाठी कचेरीबाहेर टेबल मांडून बसलेल्या माणसाला पैसे द्यावे लागतात.

म्हणून माझे दोन आग्रह आहेत. पहिला राज्य मंडळाकडे. स्वमताच्या प्रश्नांना मुलांनी लिहिलेली खरी उत्तरे, नावे झाकून, मिळालेल्या गुणांसह आणि ते गुण का दिले याच्या दोन ओळींसह दर वर्षी प्रसिद्ध करा. त्यांत एक तरी उत्तर असे असू द्या की जे तीन वाक्यांचे आहे आणि ज्याला तीनपैकी तीन गुण मिळाले आहेत. ते एक पान शिक्षकांच्या, पालकांच्या आणि क्लासवाल्यांच्या डोक्यातले ओळींचे माप मोडेल.

दुसरा आग्रह पालकांकडे. रात्री वही पाहाल तेव्हा उत्तर किती मोठे आहे ते पाहू नका. मुलाला पुस्तक उघडायला लावा आणि म्हणा, हे तू कशावरून लिहिलंस, त्या ओळीवर बोट ठेव. तुम्हाला स्वतःला मराठी वाचता येत नसेल तरी चालेल. बोट कुठे ठेवायचे ते त्याला माहीत आहे की नाही, एवढे तुम्हाला नक्की दिसेल.